जमिनीची धूप, बांधबंदिस्ती आणि भूमिहीन

शाळेतल्या भूगोलात जमिनीच्या धुपेची कारणे ठरलेली असतात : पाऊस, वारा, उतार, वृक्षतोड आणि अतिचराई. विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पहिली तीन कारणे निसर्गाची, शेवटची दोन माणसांची. ही माणसे कोण हे लिहिलेले नसते. तरी वाचणाऱ्याला ते कळते. ज्याच्या चुलीला सरपण विकत घेण्याची ऐपत नाही तो झुडूप तोडतो आणि ज्याला स्वतःचे शेत नाही तो आपल्या दोन शेळ्या गायरानात सोडतो. म्हणजे ज्याच्या मालकीची मूठभर माती नाही तोच माती वाहून जाण्याला जबाबदार, असा हा निवाडा शास्त्राच्या वेषात वर्गावर्गांतून दिला जात असतो.

या निवाड्याला इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपल्याच दख्खनच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात घडलेला आहे. परिवर्तनवादी चळवळीने त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. जमिनीच्या मालकीचा लढा आपण लढलो. मातीचे शास्त्र मात्र शेतकी खात्यावर सोपवून मोकळे झालो. आता ते परवडणारे नाही. गायरान कसून पोट भरणाऱ्या माणसांना उठवण्याची भाषा होते तेव्हा पर्यावरण, जमिनीचा ऱ्हास, पडीक जमिनीचे पुनरुज्जीवन हेच शब्द पुढे केले जातात. तेव्हा या शब्दांची घडण कशी झाली ते पाहिले पाहिजे.

दख्खनच्या मातीची पहिली पद्धतशीर तपासणी झाली ती सारा ठरवण्यासाठी. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नव्या पाहणीस सुरुवात केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात प्रतबंदीचे नियम पक्के झाले. शेतात खणून मातीची खोली पाहायची, ती हाताच्या मापाने मोजायची आणि रंग व खोली यांवरून आणे ठरवायचे. पावणेदोन हात खोल काळी माती सोळा आण्यांची. मग दोष वजा करायचे. त्या दोषांच्या यादीत चुनखडीचे खडे होते, वाळू होती. आणि उतार व पाण्याचा लोट शेतावरून जाणे हेही होते. म्हणजे कोणती जमीन धुपते हे सरकारला १८४७ सालीच ठाऊक होते. त्या ज्ञानाचा उपयोग साऱ्यात दोन आणे सूट देण्यापुरता झाला, माती अडवण्यासाठी झाला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गावची शीव कोठून जाते हे सांगणारा माणूस महार होता. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष अखेरची मानली जाई, सरकारी अंमलदार गावात आला की त्याच्यापुढे धावणेही त्याच्याच वतनात असे. गावाच्या मातीची खडान्‌खडा माहिती असणाऱ्या या माणसाच्या वाट्याला हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आला, आणि तोही अनेक तक्षिमांत वाटलेला. त्याचे ज्ञान अहवालात कोठेही ज्ञान म्हणून नोंदलेले नाही. पुढील शंभर वर्षांच्या मृद्‌शास्त्रात हेच चालू राहिले.

याला एक तेजस्वी अपवाद आहे, आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ आपण ब्राह्मणशाही आणि नोकरशाही यांवरील आसूड म्हणून वाचतो, ते योग्यच आहे. परंतु त्यात जमिनीच्या ऱ्हासाची एक संपूर्ण मीमांसा आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले जीवजंतू, जनावरांचे शेण पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतात येई आणि त्याचे खत होई. जंगलखात्याने डोंगर बंद केले, गायराने जंगलात घातली, जनावरे घटली आणि शेते निकस झाली, अशी ती साखळी आहे. उपायही जोतीरावांनी नेमके सांगितले. वळवाचे पाणी आधी शेतात मुरावे आणि मग ओढ्यानाल्याला मिळावे अशा बेताने जागोजाग तालीवजा बंधारे घालावेत. नदीनाल्यांतला, तळ्यांतला गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. जंगलात सामील केलेली गायराने गावांना परत करावीत. आजचे पाणलोटशास्त्र ज्याला ‘माथा ते पायथा’ म्हणते ते याहून फार वेगळे नाही.

पण माझ्या मते जोतीरावांचे खरे वेगळेपण पुढेच आहे. हे बंधारे बांधायचे कोणी, हा प्रश्न त्यांनी उपायाबरोबरच सोडवला. बंधारे लष्करातल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या शिपायांकडून बांधून घ्यावेत, असे ते म्हणतात. ज्यांचा पगार रयतेच्या साऱ्यातून निघतो त्यांनी रयतेच्या मातीसाठी घाम गाळावा असा त्यामागचा हिशेब. यावर त्या काळच्या सुशिक्षितांनी विनोद केले असतील. तथापि मातीच्या प्रश्नात श्रम कोणाचे आणि लाभ कोणाचा हे एकाच दमात विचारणारा माणूस त्यानंतर दख्खनला फार काळ मिळाला नाही.

सरकारी संशोधनाला सुरुवात झाली ती चाळीस वर्षांनी. १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. त्यांत ताम्हणे आणि नंतर ना. वि. कानिटकर हे प्रमुख होते. १९२८ साली शाही शेतकी आयोगाचा अहवाल आला, १९२९ मध्ये शाही कृषी संशोधन परिषद स्थापन झाली आणि तिच्या पैशातून १९३३ पासून सोलापूर आणि विजापूर येथे, तसेच हगरी, रायचूर व रोहतक येथे कोरडवाहू संशोधन केंद्रे उभी राहिली. सोलापूरचे केंद्र आज महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली आहे. जोतीरावांचे नाव अशा रीतीने फलकावर तरी आले.

सोलापूरच्या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही. उलट ते काम आपल्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे असेच आहे. उतारावर ठरावीक लांबीरुंदीचे वाफे आखायचे, कडेने आड घालून बाहेरचे पाणी आत येऊ द्यायचे नाही, खालच्या टोकाला टाकी बसवायची. प्रत्येक पावसानंतर टाकीतले पाणी मोजायचे, ते ढवळून नमुना घ्यायचा, वाळवायचा आणि माती तोलायची. एका वाफ्यात ज्वारी, दुसऱ्यात भुईमूग, तिसरा उघडा, चौथ्यात गवत. यातून जे कळले ते मोलाचे होते. सोलापूर-विजापूर हा रब्बी ज्वारीचा मुलूख. येथील भारी काळ्या जमिनीत पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. म्हणजे पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने जमीन उघडी असते आणि तणासाठी तिला पुन्हापुन्हा कुळवले जाते. सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मोजक्या तडाख्यांत पडणारा, आणि त्यातला मोठा भाग या उघड्या, भुसभुशीत मातीवर. थेंबाच्या माऱ्याने ढेकूळ फुटते, बारीक कण वर येऊन भेगा व छिद्रे बुजतात, पाणी मुरायचे थांबते आणि वाहू लागते. ज्याच्यामुळे पीक येते तो पाऊस आणि ज्याच्यामुळे माती जाते तो पाऊस एकच. गवताखालच्या वाफ्यातून माती जवळजवळ जात नाही, हेही त्याच टाकीने दाखवले. मातीला पांघरूण पाहिजे ही गोष्ट येथे सिद्ध झाली.

मग ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ या नावाने शिफारशी बाहेर पडल्या. शेताला बांध घाला, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करा, शेणखत घाला, पावसाळ्यात तीन-चार कुळवाच्या पाळ्या द्या, बी कमी वापरा, ओळींत अंतर ठेवा, कोळपणी करा. कानिटकरांचा या विषयावरील ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. पद्धत शास्त्रशुद्ध होती. ती फारशी पसरली नाही. उत्पन्नात वाढ होई ती पंधरा-वीस टक्के. आणि ज्या जमिनीत मुळात एकरी दोन-तीन मण ज्वारी निघते तिथे पंधरा टक्के म्हणजे किती पायल्या, याचा हिशेब शेतकऱ्याला करता येत होता. खोल नांगरटीला बैलांच्या एकाहून अधिक जोड्या लागत. ज्याच्या दारी एक बैल आहे आणि दुसरा इरजिकेने मिळवावा लागतो त्याला ही शिफारस कोणत्या उपयोगाची?

हा प्रश्न सोलापूरच्या केंद्रात कोणी विचारला नसेल, परंतु तो त्यापूर्वी पंधरा वर्षे विचारला गेला होता. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर या गावची पाहणी प्रसिद्ध केली आणि जमिनीचे लहान लहान तुकडे हे दारिद्र्याचे मोठे कारण म्हणून मांडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये हिंदुस्थानातील लहान जमीनधारणेवर निबंध लिहिला, त्यात या पाहणीतलेच आकडे घेऊन त्यांनी निष्कर्ष उलटा केला. शेत लहान की मोठे हे एकरावरून ठरत नाही. त्यावर घालायला भांडवल, अवजारे आणि बैल किती आहेत यावरून ठरते. हाताशी असलेल्या साधनांच्या मानाने हिंदी शेतकऱ्याची धारणा लहान नसून मोठीच आहे, असे त्यांनी दाखवले. जमिनीच्या ऱ्हासाला हा विचार लावून पाहावा. बांध फुटतो तेव्हा तो सांधायला माणूसबळ आणि फुरसत लागते. शेणखतासाठी जनावर लागते. जमीन एक हंगाम गवताखाली ठेवायची तर तो हंगाम खायला घरात धान्य लागते. ही साधने नसतील तर उतार दोन टक्के असो की पाच, माती जाणारच. मॅन यांच्याविषयी आकस बाळगायचे कारण नाही. पुण्याच्या अस्पृश्य वस्तीविषयी आणि दख्खनच्या गावातील महारांविषयी १९१२ ते १९१६ च्या काळात त्यांनी लिहिले, आणि असे लिहिणारे शेतकी अधिकारी त्या वेळी नव्हतेच म्हटले तरी चालेल. परंतु त्यांच्या खात्याने त्यांच्यापासून जमीन मोजण्याची पद्धत तेवढी घेतली, महारवाड्यात जाण्याची पद्धत घेतली नाही.

आता बांधबंदिस्तीकडे येऊ. १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. त्यान्वये एखाद्या शिवाराची योजना आखायची, बांध घालायचे आणि खर्चाचा वाटा जमीनधारकांकडून वसूल करायचा. १९४२-४३ मध्ये विजापूरकडे दुष्काळ पडला आणि बांधबंदिस्ती हेच दुष्काळी काम झाले. या एका गोष्टीने पुढचा सारा इतिहास ठरवला. मृद्‌संधारणाचे शास्त्र आणि भुकेल्या माणसाची मजुरी यांची गाठ पडली ती कायमची. पाऊस नाही म्हणून भूमिहीन उपाशी. उपाशी म्हणून तो स्वस्त. स्वस्त म्हणून बांध घालणे परवडते. आणि बांध कोणाच्या शेतात? ज्याला शेत आहे त्याच्या.

त्याच काळात वतनी जमिनीचा प्रश्न लोंबकळत पडला होता. बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ साली महार वतनासंबंधी विधेयक आणले. प्रत्यक्ष कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा झाला १९५८ मध्ये आणि अमलात आला १ ऑगस्ट १९५९ रोजी. जमिनी रक्कम भरून परत मिळाल्या, पण विक्रीच्या बंधनासह, नव्या शर्तीवर. भाऊबंदांत पट्ट्यापट्ट्यांनी विभागलेली, नव्या शर्तीची म्हणून कर्जाला तारण न चालणारी ही जमीन. समपातळी रेषेवर बांध घालायचा तर तो अशा दहा पट्ट्यांतून आडवा जाणार. दहा घरांनी खर्चाचा वाटा उचलायचा आणि प्रत्येकाच्या दोन-चार हात जमिनीवर बांध बसणार. शास्त्राची रेषा आणि वतनाची रेषा एकमेकींना छेदत होत्या. धूप रोखण्याची सर्वांत जास्त गरज जिथे होती तिथे ती रोखण्याची ऐपत सर्वांत कमी होती, आणि योजनेचा आराखडा ऐपत गृहीत धरून तयार होत होता.

१९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव आणि बांधबंदिस्ती. माझी आजी त्या वर्षी बांधावर पाटी वाहत होती. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक उंचवटा तसाच राखायचा, कारण साहेब येऊन त्याच्या उंचीवरून काम मोजणार. तो उंचवटा ढासळला तर दिवस बुडाला, हे ती शेवटपर्यंत सांगत असे. सुकडी आणि लाल मिलो यांची चवही तिच्या बोलण्यात असे, आणि कामावर पाणी वरून ओंजळीत ओतले जाई हेही. तिने घातलेला बांध मी पाहिला आहे. त्यावर आता बोरी-बाभळी आहेत आणि त्याच्या वरच्या अंगाला हातभर गाळ साठून जमीन सपाट झाली आहे. बांध उत्तम घातलेला होता, असे कोणताही मृद्‌तज्ज्ञ म्हणेल. त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आमच्या कोणाचे नाव नव्हते, आजही नाही.

रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम हे तत्त्व कायद्यात येणे ही मोठी गोष्ट होती. या योजनेने दलित आणि आदिवासी स्त्रियांच्या हातात मजुरीचे पैसे दिले, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. खर्चाचा किमान साठ टक्के भाग अकुशल मजुरीवर झाला पाहिजे आणि काम उत्पादक असले पाहिजे अशा तिच्या अटी होत्या. परंतु ‘उत्पादक’ या शब्दात मेख होती. कामातून निर्माण होणारी मालमत्ता उत्पादक होणार ती जमीनवाल्याच्या शिवारात. हेरिंग आणि एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ मध्येच दाखवून दिले की, या योजनेला ग्रामीण बड्या शेतकऱ्यांचाही पाठिंबा मिळतो तो यामुळे. मजुराला मिळते ती मजुरी, ती आठवड्याच्या बाजारात संपते. जमिनीला मिळते ती माती, ती नातवंडांपर्यंत टिकते.

शास्त्र या काळात कोठे होते? ते समीकरणात होते. अमेरिकेत १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी मैदानी राज्ये उजाड केली, १९३५ मध्ये तेथे मृद्‌संधारण सेवा स्थापन झाली, ठिकठिकाणी सोलापुरासारखेच वाफे आखले गेले. दहा हजारांहून अधिक वाफा-वर्षांच्या नोंदींवरून विश्मायर आणि स्मिथ यांनी धुपेचे सार्वत्रिक समीकरण बसवले. ते १९६५ आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. पावसाचा जोर, मातीचा प्रकार, उताराची लांबी, उताराची तीव्रता, पिकाचे आच्छादन आणि संधारणाचे उपाय, हे सहा आकडे एकमेकांनी गुणायचे की दरसाल किती टन माती जाते ते निघते. जगभर ते वापरले गेले. आपल्याकडे ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये देशाचा अंदाज काढला : दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती सुटते, हेक्टरी १६ टनांहून थोडी अधिक. त्यातील २९ टक्के समुद्राला मिळते, १० टक्के धरणांत साठते आणि उरलेली ६१ टक्के माती एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते.

हा ६१ टक्क्यांचा आकडा मला फार बोलका वाटतो. बहुतेक माती देशाबाहेर जात नाही, गावाबाहेरही जात नसावी. ती वरच्या बरड शेतातून खालच्या काळ्या शेतात जाते. वरची मुरमाड पट्टी कोणाची आणि ओढ्याकाठचे मळईचे रान कोणाचे, हे गावात कोणालाही विचारावे. त्या समीकरणातल्या सहा आकड्यांत सातवा, म्हणजे जमीन कोणाची हा आकडा नाही. नसणारच, वाफ्याच्या टाकीला ते कळत नाही. पण टाकीला कळत नाही म्हणून ते कारणच नव्हे असे मानले गेले, आणि चूक तिथे झाली. १९८५ साली पिअर्स ब्लेकी या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने जमिनीच्या धुपेचे राजकीय अर्थशास्त्र मांडले तेव्हा विद्यापीठांतून मोठी खळबळ झाली. शेतकरी अडाणी म्हणून माती जात नाही, त्याला उतारावर ढकलले जाते म्हणून जाते, आणि माती गेली की तो आणखी ढकलला जातो, हे त्याचे म्हणणे. ‘असूड’ वाचलेल्या माणसाला यात धक्का बसण्यासारखे काही नाही.

हा प्रकार आपल्यापुरताच नाही. केनियातील मचाकोस या कोरड्या जिल्ह्याची गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी जरूर माहीत करून घ्यावी. गोऱ्या वसाहतवाल्यांनी चांगली जमीन घेतली, अकांबा लोकांना राखीव मुलखात कोंडले, आणि १९३० च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी अहवाल लिहिले की हे लोक आणि त्यांची गुरे यांनी जमिनीचे वाळवंट केले. उपाय म्हणून १९३८ मध्ये त्यांची गुरे जबरदस्तीने विकायला काढली; तेव्हा अकांबा हजारोंनी नैरोबीला चालत गेले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्याच देशात मुरांगा येथे सक्तीच्या मजुरीने डोंगरउतारावर पायऱ्या पाडण्याच्या कामाला १९४७-४८ मध्ये स्त्रियांनी नकार दिला. पुढे १९९४ मध्ये टिफेन, मॉर्टिमोर आणि गिचुकी यांनी मचाकोसची फेरतपासणी केली. लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली होती आणि धूप कमी झाली होती. स्वातंत्र्यानंतर जमिनीचा हक्क निश्चित झाला, पिकाला बाजार मिळाला, आणि जे लोक माती नासवणारे म्हणून बदनाम होते त्यांनीच आपापल्या उतारावर पायऱ्या पाडल्या होत्या. त्या निष्कर्षांवर वाद झाले आहेत, सर्वच कुटुंबांना सारखा लाभ झाला नाही हेही खरे. परंतु मूळ अहवालातला आरोप त्यातून पुन्हा उभा राहिलेला नाही.

आपल्याकडे १९८० नंतर शास्त्राची भाषा वाफ्यावरून पाणलोटावर आली. पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत काळ्या जमिनीवर १९७६ पासून चाललेल्या प्रयोगात जुन्या पद्धतीच्या शेतातून हेक्टरी सुमारे साडेसहा टन आणि रुंद सरी-वरंब्याच्या शेतातून दीड टन माती जाते असे दिसले. भारी काळ्या जमिनीत समपातळी बांध नीट चालत नाही, ती भेगाळते आणि बांध फुटतो, हेही मान्य झाले. १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सर्वंकष पाणलोट विकासाचा कार्यक्रम घेतला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचे हे त्याचे सूत्र, आणि शास्त्र म्हणून ते निर्दोष आहे. पण गावाचा माथा म्हणजे गायरान आणि वनखात्याची टेकडी. तिथे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. पायथा म्हणजे विहिरीवाल्यांची बागायत. माथ्यावरचे पाणी अडले की पायथ्याच्या विहिरींना पाझर फुटतो. शेळ्या ज्यांच्या बंद झाल्या त्यांना विहिरी नाहीत. विहिरी ज्यांच्या भरल्या त्यांच्या शेळ्या गायरानात नव्हत्याच. जॉन केर यांनी महाराष्ट्र आणि आंध्रातील गावांच्या पाहणीवरून २००२ मध्ये हेच नोंदवले आहे. आदर्श गावांचे कौतुक ऐकताना हा हिशेब कोणी मांडत नाही. त्यातच श्रमदान हा शब्द आला. ज्याची जमीन आहे त्याने आपल्या शिवारात घाम गाळला तर ती गुंतवणूक आहे. भूमिहीनाने तोच घाम फुकट गाळला तर त्याला काय म्हणायचे? आपल्या पूर्वजांकडे त्यासाठी एक शब्द होता, वेठ.

दुसरा मार्ग शक्य होता. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ मध्ये देवस्थानची सोळा हेक्टर उजाड जमीन घेऊन काम सुरू केले, आणि त्यातून पाणीपंचायतीचे नियम तयार झाले : पाणी जमिनीच्या एकरावर नव्हे तर घरातील माणसांवर वाटायचे, ऊस लावायचा नाही, आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. मातीपाण्याच्या कामातून जे निर्माण होते त्यावर ते निर्माण करणाऱ्याचा हक्क असतो, हे तत्त्व महाराष्ट्रात एकदा तरी व्यवहारात आले. सरकारी योजनांनी नायगावचे बंधारे घेतले, हा नियम घेतला नाही.

राहता राहिले गायरान. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यात अनेक ठिकाणी दलितांनी सरकारी पड आणि गायरान नांगराखाली आणले. त्याच जमिनीला सरकारी भाषेत १९८५ नंतर ‘पडीक’ हे नवे महत्त्व आले आणि सामाजिक वनीकरणाची रोपे त्यावर लावायचे बेत झाले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद झाली. अंमलबजावणी किती झाली ते मराठवाड्यातला कोणताही कार्यकर्ता सांगेल. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय आदेशान्वये दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे, परंतु तेवढे वाक्य तहसील कार्यालयात पोचायला वेळ लागतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभर नोटिसा निघाल्या. उपग्रहावरून काढलेल्या नकाशांप्रमाणे देशातील ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन, म्हणजे जवळजवळ ३० टक्के, २०१८-१९ मध्ये ऱ्हास पावलेली होती. त्या रंगवलेल्या तुकड्यांत कोठली माती कोणी घालवली आणि कोठली कोणी परत आणली हे उपग्रहाला दिसत नाही.

ही परत आणलेली माती दाखवता येते. गायरान कसणाऱ्या माणसाला पहिली दोन-चार वर्षे पीक कसले, दगडच मिळतात. ते वेचून तो उताराला आडवे रचतो. दरसाल त्या तालीमागे चार बोटे गाळ बसतो. वीस-पंचवीस वर्षांनी तिथे तूर आणि बाजरी येते. ताबा सिद्ध करण्यासाठी आज त्याच्याकडे दंडाच्या पावत्या मागतात आणि गाव नमुना एक-ई मधील नोंद पाहतात. त्या नमुन्यात क्षेत्र आहे, पीक आहे. मातीची खोली नाही. ती मोजायला उपग्रह नको, १८४७ च्या पाहणीदारांकडे होती तेवढी हत्यारे पुरतात. ताब्यातल्या रानात एक खड्डा, शेजारच्या न कसलेल्या माळावर दुसरा, आणि दोन्हींत उभी धरलेली मोजपट्टी. आपल्या महाविद्यालयांतील भूगोल आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी सुटीत आपापल्या तालुक्यातील दहा-दहा गायरानधारकांच्या जमिनींची अशी नोंद केली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि ती सुनावणीत दाखल केली, तर धुपेच्या शास्त्राचा उपयोग प्रथमच त्या बाजूने होईल. बीड आणि परभणीकडच्या ज्या मित्रांची प्रकरणे सुनावणीला आहेत त्यांच्याशी बोलून या उन्हाळ्यात सुरुवात करण्याचा आमचा विचार आहे. पावसाळ्यात खड्डे भरतात, म्हणून काम रोहिणीच्या आधी उरकावे लागेल.